वाढवलेली साखळी

इंदूरकडची मोटार अजून आली नव्हती. ओटीवरून पायरीवर आणि पायरीवरून ओटीवर अशा मी इतक्या खेपा घातल्या होत्या, की समोरच्या भवानीबाईंनी शेवटी गहू निवडायचं थांबवून विचारलं, "काय गं मालन, कुणी यायचंय का?"

"गणूभावजी," मी म्हटलं.

"ते तर दर शनिवारी येतात. तू काही दर शनिवारी अशी नाचत नाहीस."

उत्तर अगदी जिभेवर आलं होतं, पण गिळलं. भवानीबाईंना काही सांगणं म्हणजे धारच्या बाजारात दवंडी पिटणं. आणि माझा जीव ज्याच्यात अडकला होता ती वस्तू नेमकी धारच्या बाजारापासून लपवायची होती. म्हणून तर ती आठवडाभर देवासला होती.

वस्तू म्हणजे घड्याळ. मनगटी, पुरुषी, पांढऱ्या तबकडीचं, खालच्या अंगाला वेगळ्या छोट्या गोलात टुकटुक फिरणारा सेकंदकाटा, आणि पट्ट्याच्या जागी पोलादी कड्यांची साखळी. माझ्या वडिलांनी बागलीला आमच्या लग्नात जावयाला दिलेलं. पंक्तीत जावयानं रुसायचं असतं म्हणून हेही रुसले होते. रुसणं त्यांना मुळीच जमत नव्हतं, पानावर बसून हसू दाबत होते. वडिलांनी खिशातून घड्याळ काढून मनगटावर चढवलं आणि ह्यांनी लगेच जिलबी उचलली. पुढं घरात यायचे तेव्हा पावलांच्या आधी ती साखळी वाजायची. नंतर ह्यांना विषमज्वर झाला, त्यातून ते उठले नाहीत. घड्याळ माईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, कपाटात गेलं, आणि मी माजघरात.

माजघरातच राहिले असते. पण शेजारच्या गल्लीतल्या एका बाईचं बाळंतपण अडलं, मी नुसती पाणी तापवायला म्हणून गेले, आणि तिथं जनाना दवाखान्याच्या लतिकाबाई आलेल्या होत्या. त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. निघताना म्हणाल्या, "तुझा हात कापत नाही. आमच्या नव्या वर्गात ये, शिकवते तुला." मी लगेच हो म्हटलं, मग घाबरले, मग परत हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी वर्ग सुरू. सेकंदकाट्याचं घड्याळ मात्र ज्याचं त्यानं आणायचं. नाडी अंदाजानं मोजणाऱ्या सुइणी गावात पुष्कळ आहेत. घड्याळ नसेल तर येऊ नकोस, गंधवानीची एक मुलगी तुझ्या जागेसाठी दारात उभीच आहे."

त्या गंधवानीच्या मुलीला मी अजून पाहिलंही नव्हतं, पण तिचा मला भयंकर राग आला होता.

माईंची हरकत दवाखान्याला नव्हती, हे आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना भलतंच समजाल. त्यांची दोन मुलं जन्मताच सुइणीच्या हातून गेली होती. "शीक," एवढंच म्हणाल्या आणि कपाट उघडून घड्याळ माझ्यापुढं ठेवलं. मी ते मनगटावर धरलं मात्र, त्यांचा चेहरा बदलला.

"हे नाही चालायचं. हे कांकण आहे."

"माई, हे घड्याळ आहे."

"घड्याळ मधे एवढंसं आहे. बाकी चहूकडून कांकणच आहे. बोडक्या हाताची बाई चकाकतं कांकण घालून भर रस्त्यानं जाणार? लोक काय म्हणतील ते सोड, मलाच बघवायचं नाही."

माई स्वतः किती वर्षं बोडक्या हातानं वावरत होत्या, ते मला माहीत होतं. सासरे दरबारच्या खासगीत कारकून होते, माझे यजमान लहान असतानाच गेले. माईंच्या मनगटावर काही असल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही.

"मग कनवटीला लाव," त्या म्हणाल्या.

"एका हातानं बाईची नाडी धरायची आणि दुसऱ्या हातानं कनवट सोडायची?"

यावर माईंना हसू आलं, पण त्यांनी ते पदराआड सारलं. मग बराच विचार करून तोडगा काढला. चामड्याच्या पट्ट्याला कुणी दागिना म्हणणार नाही, तेव्हा साखळीच्या जागी चामडं. पण धारच्या घड्याळवाल्याकडे नको. तो ह्यांना ओळखायचा, घड्याळ पाहताच विचारणार, मग सगळं गाव विचारणार. माझे दीर गणोजी देवासला कचेरीत कारकून. दर शनिवारी येतात, सोमवारी पहाटेच्या मोटारीनं जातात. माईंनी त्यांच्या हातात घड्याळ दिलं आणि माझ्यासमोर सांगितलं, "गणू, तिकडच्या घड्याळवाल्याकडे ने. ही साखळी वाढव. आणि एक चामड्याचा पट्टा घेऊन ये."

"हाव," भावजी म्हणाले आणि गेले.

मला त्यात काही वावगं ऐकू आलं नाही. आमच्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. जे तुटू नये ते तुटलं तर त्याला वाढलं म्हणायचं, हे मी न्हातीधुती होण्याच्या आधीपासून ऐकत आलेले. माईंच्या लेखी ती साखळी कांकण होती, तेव्हा तिला दुसरा शब्द लागणारच नव्हता.

आठवडाभर माझं कशात लक्ष नव्हतं. आमटीत दोनदा मीठ पडलं. शिवणाच्या यंत्रावर एका पोलक्याची बाही उलटी जोडली आणि उसवताना सुई मोडली. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कशासाठी उठले ते आठवायचं नाही. माई म्हणायच्या, "अगं, घड्याळाला पाय नाहीत, येईल." पण मला सारखं वाटायचं की मोटार बंद पडेल, भावजी खिसा कापून घेतील, देवासचा घड्याळवाला दुकानाला कुलूप घालून लग्नाला जाईल. डोळ्यांसमोर ती गंधवानीची मुलगी माझ्या जागेवर ऐसपैस बसलेली दिसायची.

शेवटी आली एकदाची मोटार. भावजी हसत हसत गल्लीत शिरले.

"लो वहिनी! काय काम केलंय भिया, त्या देवासच्या घडीसाजनं, बघाल तर खूश व्हाल."

त्यांनी रुमाल सोडला. आत घड्याळ, आणि घड्याळाला साखळी जशीच्या तशी. मी ती हातात चढवली. ती मनगटावर थांबलीच नाही. सरळ कोपरापर्यंत गेली आणि तिथं लोंबत राहिली.

"हे काय?"

"वाढवली ना! माईनं बोललं होतं वाढव. अशा सेम कड्या त्याच्याकडे नव्हत्या, मी त्याला सगळी पेटी ढुंढायला लावली. शेवटी मिळाल्या. कुठली जुनी, कुठली नवी, ओळखून दाखवा."

मी ओळखायच्या मनःस्थितीत नव्हते. माई दारात आल्या, साखळीकडे बघितलं, भावजींकडे बघितलं.

"अरे, वाढव म्हणजे वाढव नाही रे!"

"मग वाढव म्हणजे काय?"

माईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. तिन्हीसांजा झाल्या होत्या, देवापाशी दिवा नुकताच लागला होता. मनगटावरच्या वस्तूबद्दल तो दुसरा शब्द त्या वेळी त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. त्यांनी नुसता हात हवेत हलवला.

"तोडणं!" मी ओरडले. "काढून टाकणं! मोडणं! कुठल्या शाळेत गेला होतात हो तुम्ही?"

"शुभ बोल गं," माईंनी कानावर हात ठेवले.

"हिंदीच्या शाळेत," भावजी म्हणाले. त्यांचा चेहरा पार पडला. "आम्हाला तर वाढवणं म्हणजे बढ़ाना असंच माहीत. मी तर खुशीनं केलं वहिनी. मला वाटलं, दादाची चीज आहे, ढिली केली की तुमच्या हाताला काचणार नाही."

बिचाऱ्यांनी ते इतक्या सरळपणे म्हटलं की मला धड रागावताही येईना, आणि रागावता येईना म्हणून आणखी राग आला. चामड्याचा पट्टा मात्र त्यांनी आणला होता. खिशातून कागदाची पुडी काढून ते उंबऱ्याकडे निघाले, तशा माई मागं सरल्या. "बाहेर! बाहेर ठेव ते! चामडं घरात आणायचं नाही."

म्हणजे बघा. लोकांना दिसू नये म्हणून काम घरातल्या घरात करायचं, आणि चामडं घरात चालत नाही म्हणून ते ओटीवर बसून करायचं, साऱ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत. मी हे माईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग लवकर आटप." पण लवकर म्हणजे उद्याच. दिवेलागण झाली होती, आणि पट्टा घड्याळाला धरून ठेवणारी ती इवली काडी कंदिलाच्या उजेडात कुणाला दिसणार?

रविवारी सकाळी पोळ्या उरकल्या आणि ओटीवर फडकं पसरून त्यावर घरातली सगळी टोकदार हत्यारं मांडली. शिवणाची सुई, गोणपाट शिवायचं दाभण, काटा काढायचा चिमटा, पानाच्या तबकातला अडकित्ता, आणि भावजींचा दुपाती चाकू. घड्याळाला दोन्हीकडे दोन दोन कान असतात, आणि त्या कानांच्या मधे एक बारीक स्प्रिंगची काडी पट्ट्याला धरून बसलेली असते. ती काडी टोकाशी दाबली की सुटते. भावजींनी हे देवासला बघितलं होतं. बघणं आणि करणं यात किती अंतर आहे ते लवकरच कळलं.

सुई लावली, ती वाकली. दाभण लावलं, ते फटीत शिरेचना. चिमट्याला पकड मिळेना.

"चाकू घ्या," भावजी म्हणाले. "कोणती उघडू, थोरली पाती की धाकटी?"

देवासला एके काळी एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. तिथं राहून भावजींना हा विनोद फार आवडायला लागला होता.

"दोन्ही विलीन झाल्या ना आता?" मी म्हटलं. "उघडा कोणतीही, पण तोंड बंद ठेवा."

थोरली पाती घसरली आणि घड्याळाच्या पाठीवर एक लांब ओरखडा उठला. त्या पाठीवर ह्यांच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. ते वाचलं, पण थोडक्यात. धाकटी पाती घेतली, श्वास धरला, टोक आत सारलं, जरा दाबलं. टिक्‌ असा आवाज झाला, साखळीचं एक टोक सुटून लोंबलं आणि ती काडी उडाली. कुठं उडाली ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही.

भवानीबाईंना दिसलं. त्या एव्हाना आपलं सूप घेऊन आमच्याच पायरीवर येऊन बसल्या होत्या, उन्हाचं निमित्त करून.

"माझ्या गव्हात पडलं काही तरी," त्या म्हणाल्या.

मग काय! ज्यांच्यापासून लपवायचं त्यांच्याच सुपात डोकं घालून आम्ही दोघं ती काडी शोधत बसलो. भवानीबाई सावकाश एकेक मूठ बाजूला सारत होत्या आणि सावकाश एकेक प्रश्न विचारत होत्या. घड्याळ कुणाचं, घालणार कोण, दवाखान्यात पुरुष असतात का, माईंना हे पसंत आहे का. गव्हात खडा आहे की काडी, हे त्यांना माझ्याआधी दिसत होतं याची मला खात्री आहे, पण सगळी उत्तरं मिळाल्याशिवाय त्यांनी ती उचलली नाही.

काडी मिळाली. आता चामड्याचा पट्टा बसवायचा. तो कानांच्या मधे जाईना. रुंद होता, दोन्ही बाजूंनी थोडा थोडा. भावजींनी तो घड्याळाला लावून बघितला नव्हता आणि घड्याळवाल्यानं विचारलं नव्हतं, कारण त्याला काय माहीत की हा पट्टा याच घड्याळाचा!

"उद्या पहाटे मी देवासला घेऊन जातो," भावजी म्हणाले. "पुढल्या शनिवारी पक्का आणतो."

"उद्या माझा वर्ग आहे, भावजी. उद्या."

मी अडकित्ता उचलला. कडेनं बारीक कातरीन म्हटलं, सुपारी कातरतात तशी. पहिली बाजू बरी निघाली. दुसऱ्या बाजूला हात तापला, मनही तापलं होतंच, मी जोर दिला आणि अडकित्ता कडेवरून घसरून थेट मधे घुसला. पट्ट्याचा वरचा भाग, काडी जिथून जायची तिथंच, दुभंगून हातात आला.

मग मी ते दोन्ही तुकडे रस्त्यावर भिरकावले.

"झालं. जात नाही मी. त्या गंधवानीच्या पोरीलाच बसू दे. मी बसते माजघरात, खुंटा ठोका आणि दावं बांधा माझ्या हाताला. दाव्याला तर कुणी कांकण म्हणणार नाही ना?"

मी रडत होते. मला रडायचं नव्हतं, भवानीबाईंसमोर तर मुळीच नव्हतं. पण इतके दिवस आवरून धरलं होतं ते सगळं बाहेर आलं. मला तिथं जायचंच होतं. मला कुणाच्या तरी कामाला यायचं होतं. ज्या घरात मी फक्त उरले होते, त्या घरातून रोज सकाळी कुठं तरी निघायचं होतं.

भवानीबाई उठल्या, सूप कमरेवर घेतलं. "जे होतं ते बऱ्यासाठीच होतं, माई," त्या दाराकडे बघून म्हणाल्या. "विधवेच्या हाताला पट्टा काय आणि साखळी काय, दोन्ही वाईटच दिसायचं. तुम्ही नाही का काढलीत इतकी वर्षं?"

माई दारात उभ्या होत्या, केव्हापासून कोण जाणे. त्या भवानीबाईंकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता मान डोलवतील.

"काढली," त्या म्हणाल्या. "म्हणून काय हिनंही काढायची?" मग लगेच नेहमीच्या आवाजात, "तुमचे गहू राहिलेत ना निवडायचे? ऊन उतरेल." आणि माझ्याकडे वळून, "मालन, ते घड्याळ घेऊन आत ये. चामडं गेलं ना? साखळी आत चालते. धातूला विटाळ नाही."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. भावजींना कळलं. त्यांनी फडकं चारही टोकांनी गोळा केलं आणि हत्यारांसकट आत नेलं.

माईंनी खिडकीशी पाट मांडला. कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यातून एक चांदीचं कानकोरणं सोडवून माझ्यापुढं धरलं. एका टोकाला इवला चमचा, दुसरं टोक चपटं आणि बारीक. "हे बघ लागतंय का. सुईसारखं वाकायचं नाही."

लागलं. फटीत असं बसलं जसं त्यासाठीच घडवलं होतं. त्यानं काडी दाबून साखळीचं सुटलेलं टोक मी परत कानांत बसवलं. आता साखळी आखूड करायची होती. कड्या एकमेकींत खिळ्यांनी जोडलेल्या, आणि ते खिळे केसाहून थोडे जाड. मला त्या मोडक्या सुईची आठवण झाली, शिवणाच्या यंत्राच्या. टोक गेलेलं, पण दांडा शाबूत, आणि यंत्राची सुई वाकत नाही. ती आणली. दोऱ्याची रिकामी लाकडी रीळ पाटावर उभी केली, तिच्या भोकावर कडी धरली, खिळ्यावर सुई टेकवली आणि खलाच्या बत्त्यानं हलकेच ठोकलं. खिळा सरळ रिळाच्या भोकात गेला. उडाला नाही, हरवला नाही. मी इतकी हरखले की भावजींकडे बघून हसले, आणि ते लगेच म्हणाले, "देखा? माफ केलं ना मला?"

"अजून नाही," मी म्हटलं.

पण किती कड्या काढायच्या? दर कडीला मनगटावर चढवून बघायचं, पुन्हा उतरवायचं, पुन्हा ठोकायचं. माझे दोन्ही हात गुंतलेले. भावजींचं मनगट काही कामाचं नव्हतं, त्यांच्या जाड हाताला ती लगेच घट्ट बसली. माई हे सगळं बघत होत्या. मग त्यांनी आपला उजवा हात पुढं केला.

"माझ्यावर बघ. तुझं नि माझं मनगट सारखंच आहे."

मी जरा थांबले. माईंच्या मनगटाला मी कधी हात लावला नव्हता. मी साखळी चढवली. ती घसरून खाली गेली, घड्याळ आतल्या बाजूला वळलं. एक कडी काढली, पुन्हा चढवली. आणखी एक. दर वेळी माई हात तसाच पुढं धरून बसायच्या, ताठ, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. खिडकीतून ऊन त्यावर येत होतं. शेवटची कडी निघाली, साखळी बंद केली, आणि घड्याळ मनगटावर जिथल्या तिथं राहिलं.

माईंनी हात आपल्याकडे वळवला. किंचित हलवला. साखळी वाजली, ह्यांची वाजायची तशी. भावजी एकदम उठून पाणी प्यायला गेले.

"तुझ्या मामंजींच्या पाठीमागं माझ्या सगळ्या बांगड्या वाढवल्या एका दुपारी," माई म्हणाल्या. "हिरव्या होत्या, कोपराजवळपर्यंत. तिघी जणींनी हात धरले होते. वाढवल्या म्हणायचं. वाढलं काहीच नाही गं. तेव्हापासून हा हात हलवला तरी आवाज येत नाही, हे कितीदा जाणवलं."

मी त्यांचा हात धरून बसले, नाडीवर बोटं होती, आणि घड्याळ समोरच होतं. मला मोजता आली असती. मोजली नाही.

थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच साखळीचा आकडा सोडला. "घे, काडी घट्ट बसलीय का बघ. पुन्हा उडवू नकोस. भवानीचे गहू आता निवडून झाले असतील."

सोमवारी पहाटे भावजी देवासला गेले. जाताना दारातून म्हणाले, "वहिनी, आता माईनं काही बोललं की मी आधी विचारत जाईन." मी लुगडं नेसून ओटीपाशी उभी राहिले. माईंनी माझ्या हाताला घड्याळ बांधलं, आकडा दोनदा ओढून बघितला. मला लाज वाटत होती की भीती, कोण जाणे, मी पदर ओढून मनगटावर घेतला. माईंनी तो परत मागं सारला.

"उघडं राहू दे. नाहीतर नाडी कशी मोजशील? पदर सावरशील की काटा बघशील?"

समोर भवानीबाई सडा घालत होत्या. त्यांचा हात घागरीतच थांबला. माईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

पायरी उतरताना आठवलं. "माई, त्या काढलेल्या कड्या पाटावरच राहिल्यात. भावजींच्या हाती परत द्यायला हव्या होत्या, घड्याळवाल्याच्या आहेत ना."

"त्या सगळ्या त्याच्या नाहीत. काही माझ्या लेकाच्या आहेत," माई म्हणाल्या. "कोणत्या ते आता कुणाला कळतंय?"

त्यांनी पदराखालून पितळी करंडा काढला. कुंकवाचा, सासरे गेल्यापासून फडताळात रिकामा पडलेला. झाकण उघडून मला दाखवला. कड्या आत ठेवलेल्या होत्या, खिळ्यांसकट. त्यांनी झाकण लावलं.

"असू दे इथंच. चार माणसांत वावरशील, वेळेवर दोन घास खाशील, अंग धरशील. मनगट भरेल तुझं," त्या म्हणाल्या. "मग वाढवू."